चहा तसाच राहिला, तर गाडी काढू नका

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नाशिकहून एका ४३ वर्षांच्या वाचकानं लिहिलंय. वडील ७१ वर्षांचे. तीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेले. रक्तदाबाची गोळी दहा वर्षांपासून चालू आहे, साखर काठावर, बाकी तब्येत ठणठणीत. रोज पहाटे गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठानं, चालायला जातात. त्यांना लडाखमधलं पँगाँग सरोवर बघायचंय. एका जुन्या कॅलेंडरवरचं त्याचं चित्र कापून त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. आई ६६ वर्षांची, गुडघे दुखतात. तिला विचारलं की "तुम्ही ठरवाल तसं" एवढंच म्हणते. ठाण्याची बहीण म्हणते, "या वयात बाबांना तिथं नेणं म्हणजे जिवाशी खेळ." वाचकाला सात दिवसांची रजा मिळालीय, सोबत बायको आणि आठवीतली मुलगी. ट्रॅव्हलवाल्यानं दिलेला कार्यक्रम असा: पहिल्या दिवशी विमानानं लेह, दुसऱ्या दिवशी खारदुंग ला ही खिंड ओलांडून नुब्राचं खोरं, तिसऱ्या दिवशी नुब्राहून थेट पँगाँग आणि रात्री काठावर तंबूत मुक्काम, चौथ्या दिवशी लेहला परत, पाचवा-सहावा दिवस लेहमध्ये आराम आणि खरेदी, सातव्या दिवशी विमान. पैसे पुढच्या आठवड्यात भरायचेत. त्यांचा प्रश्न: "न्यावं की नेऊ नये? बाबांची इच्छा राहून गेली तर मला चैन पडणार नाही, आणि नेऊन काही झालं तर बहीण जन्मात माफ करणार नाही."

नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या त्या कपाटाच्या दारापाशी मी थोडी थांबले. तीस वर्षं ज्या माणसानं दुसऱ्यांना त्यांच्या त्यांच्या गावी पोचवलं, त्याला एकदा स्वतःसाठी लांब जायचंय. ही इच्छा पुरी व्हावी असं मलाही मनापासून वाटतं. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही तर बाबांना नेता येईल, पण तुमच्या हातात आत्ता जो कार्यक्रम आहे, त्यानं नव्हे. तो तुमच्यासाठी, बायकोसाठी आणि मुलीसाठीही बरा नाही.

तुमचा आणि बहिणीचा वाद वयावरून चाललाय. विरळ हवेचा त्रास मात्र वय बघून होत नाही. रोज व्यायाम करणाऱ्या पंचविशीतल्या पोरांनाही लेहमध्ये आडवं पडावं लागतं. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर गोष्ट वेगळी, त्याबद्दल पुढे लिहिते. एरवी मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: तुम्ही किती भरभर वर गेलात आणि रात्री किती उंचीवर झोपलात.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे आणि लेह सुमारे ३,५०० मीटरवर. विमान हा सगळा चढ काही तासांत चढून जातं, शरीराला त्याची वर्दीसुद्धा मिळत नाही. तिथल्या हवेतही प्राणवायू एकवीस टक्केच असतो, पण हवेचा दाब कमी असल्यामुळे एका श्वासात इथल्या दोन तृतीयांशच हाती लागतो. लेहहून पँगाँगच्या वाटेवरची चांग ला खिंड ५,३०० मीटरच्या वर आहे, तिथं हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं. आणि सरोवराचा काठ आहे सुमारे ४,२५० मीटरवर. डोंगरात फिरणारे लोक आणि डॉक्टर एक नियम सांगतात: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नये. तुमच्या कागदावर दुसरी रात्र नुब्रात आहे, म्हणजे ३,१०० मीटरच्या आसपास, आणि तिसरी पँगाँगच्या काठावर. एका दिवसात अकराशे मीटर.

बाबांना हे तुमच्याआधी कळेल. भरलेली गाडी घेऊन कसाऱ्याचा घाट चढताना कुणी टॉप गियर टाकत नाही. त्यांच्यासमोर हेच आकडे ठेवा. या सहलीचा वेग ठरवण्यात त्यांचा हात असू द्या. आत्तापर्यंत त्यांना घेऊन जायचं की नाही यावर घरात इतकी चर्चा झाली, पण त्यांच्याशी किती बोलणं झालं, ते पत्रात कुठे दिसलं नाही.

आता एक घरातली गोष्ट सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं मर्म मला तिच्यात दिसतं.

काही वर्षांपूर्वी आम्ही पाच जण लडाखला गेलो होतो, त्यात माझी ६८ वर्षांची आत्या होती. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला पँगाँगला निघायचं ठरलेलं. साडेपाचला मी तिच्या खोलीत गेले, तर ती नेसून, केस विंचरून, टिकली लावून पलंगाच्या कडेला बसलेली. "झोप लागली का?" "हो, छान." समोरच्या स्टुलावर चहाचा कप होता. भरलेला, वर साय धरलेली. ही बाई पहाटेच्या चहासाठी आख्खं घर जागं करायची. मी तो कप बघितला, आणि तरी माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. सामान खाली आणलं. आमचा लडाखी ड्रायव्हर बोनेटला टेकून उभा होता. आत्या पायऱ्या उतरताना त्यानं तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "माताजी, रात को कुछ खाया था?" आत्या गप्प. मग माझी आई म्हणाली, "रात्री दोनदा उलटी झाली तिला. मला शपथ घातली होती सांगू नको म्हणून." ड्रायव्हरनं डिकी बंद केली आणि म्हणाला, "आज नहीं."

आत्याला आम्ही लेहमधल्या डॉक्टरांकडे नेलं. दोन दिवस नुसता आराम, पाणी, सूप. तंबूचे आगाऊ भरलेले पैसे गेले. पाचव्या दिवशी तिचं तिलाच भूक लागली, तेव्हा डॉक्टरांना विचारून निघालो. पँगाँगला ती पाण्याजवळच्या एका दगडावर पाऊण तास बसली होती. चक्रवाकांची एक जोडी पाण्यावर होती. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाली, "खारट आहे गं, पण आपल्या समुद्रासारखं नाही." मग मला म्हणाली, "तुमची ट्रिप माझ्यापायी बिघडू नये म्हणून बोलले नाही."

आपल्या घरांमधली मोठी माणसं अशीच असतात. "काही नाही, जरा डोकं जड झालंय." इथं खाली ते खपून जातं. तिथं वर हेच वाक्य सगळ्यात धोक्याचं असतं, कारण विरळ हवेच्या आजारात पहिल्या काही तासांत माणूस काय सांगतो यावरच सगळं अवलंबून असतं. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना उडणं, रात्र जागून काढणं, ही सुरुवात. एवढ्यावर ओळखलं, तिथंच थांबलात, तर बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत उतार पडतो. ते लपवून आणखी वर गेलात तर प्रकरण फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचण्यापर्यंत जाऊ शकतं. बसल्या जागी धाप, न थांबणारा खोकला, चालताना झोक जाणं, बोलण्यात गोंधळ यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं.

म्हणून तुमच्या "न्यावं की नेऊ नये" याच्या आधीचा प्रश्न मला हा वाटतो: या सहलीत "मला बरं वाटत नाहीये" असं म्हणायची सोय कुणाला आहे का? तुमच्या कागदावर ती नाही. रोजचा मुक्काम बांधलेला, तंबूचे पैसे भरलेले, एक दिवस हलला की पुढचे सगळे कोसळणार. अशा वेळी बाबा कितीही त्रास झाला तरी तोंड उघडणार नाहीत. आयुष्यभर वेळेवर गाडी सोडलेला माणूस आहे तो.

मग काय करायचं? सात दिवसांतच जमवायचं असेल तर मी एक साधा बदल सुचवते. तुमच्या आराखड्यातले आरामाचे दोन दिवस शेवटी ठेवलेत, ते उचलून सुरुवातीला आणा, आणि नुब्रा गाळा. ते गाळताना तुम्हाला वाईट वाटेल, ट्रॅव्हलवाला "एवढं लांब जाऊन नुब्रा नाही?" म्हणेल. म्हणू द्या. बाबांच्या कपाटावर नुब्राचं चित्र नाही. पहिले दोन दिवस लेहमध्ये काहीच करायचं नाही. बाजारात चक्करसुद्धा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. तिसऱ्या दिवशी निम्मूजवळ सिंधू आणि झंस्कारचा संगम आणि आल्चीचा जुना मठ. हा भाग लेहहून थोडा खालीच आहे, रस्ता चांगला आहे, आणि आल्चीच्या भिंतींवरची शेकडो वर्षांपूर्वीची चित्रं मुलीला नक्की आवडतील. चौथा दिवस मोकळा. तो खरोखर मोकळा ठेवा, कशानंही भरू नका. कुणाला काही झालं तर तो त्याचा, नाही झालं तर सगळ्यांचा. पाचव्या-सहाव्या दिवशी सरोवर, सातव्या दिवशी विमान. रजेला आधीचा-नंतरचा शनिवार-रविवार जोडून आणखी दोन दिवस मिळवता आले तर फारच उत्तम, मग मोकळे दिवस दोन होतील.

सरोवराच्या काठावर रात्र काढायची की नाही, याचा नीट विचार करा. जाहिरातींमुळे आपण असं धरून चालतो की तंबूत झोपलं नाही तर पँगाँग बघितलंच नाही. पण तिथं रात्री थंडी कडक असते, उंचीमुळे झोप नीट लागत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या काठावरून लेहला परतायचं तर आधी पुन्हा चांग ला चढावी लागते. म्हणजे रात्री दोनला कुणाला त्रास झाला तर लेहला पोचण्यासाठी आधी हजारभर मीटर वर जायचं. मी हे नकाशावर पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. एका दिवसात जाऊन येणं हा दुसरा मार्ग. पण जाताना दीडशेहून जास्त किलोमीटर आणि येतानाही तेवढेच, बराचसा घाटरस्ता. एकाहत्तराव्या वर्षी ते अंगावर येतं आणि काठावर जेमतेम तास-दोन तास मिळतात. मला मधला मार्ग बरा वाटतो: चांग ला ओलांडल्यावर, सरोवराच्या अलीकडे तासाभरावर, तांगत्से नावाचं गाव लागतं. सुमारे ३,९०० ते ४,००० मीटरवर. साधी राहायची सोय आहे. चार रात्री लेहमध्ये काढलेल्या माणसाला तिथली रात्र पाचशे मीटरच्या नियमात बसते. सकाळी लवकर सरोवर. सकाळी वारा कमी असतो, पाणी शांत असतं, आणि उन्हं चढतील तसे रंग बदलताना दिसतात. दुपारी परतीला लागून रात्री लेहच्या पलंगावर. तांगत्सेही खिंडीच्या पलीकडेच आहे, हे मात्र विसरू नका. लेहमध्ये चार दिवस सगळ्यांचं खाणं-झोपणं व्यवस्थित असेल तरच निघा. आणि चांग लावर फोटोसाठी दहा मिनिटं पुरेत.

गाडी स्वतंत्र घ्या. ग्रुप टूरची बस एका माणसाच्या डोकेदुखीसाठी थांबत नाही, थांबली तर बाकीचे वीस जण घड्याळ बघतात, आणि मग बाबा पुन्हा गप्प बसतील. गाडीत ऑक्सिजनचा सिलिंडर आहे का ते विचारून घ्या. दुकानात मिळणारा छोटा स्प्रेचा डबा काही मिनिटांत संपतो, त्याच्या भरवशावर वर जाऊ नका. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर जरूर न्या. इथं ९७-९८ दाखवणारा आकडा लेहमध्ये पहिल्या दिवशी नव्वदीच्या आसपास, कधी थोडा खालीही दिसतो, त्यानं घाबरून जायचं नाही. आकड्याइतकंच ताटाकडे आणि कपाकडे लक्ष ठेवा. आपल्याकडे बरेच जण कापराची पुरचुंडी गळ्यात बांधून जातात. कापूर हुंगल्यानं क्षणभर तरतरी वाटते, रक्तातला प्राणवायू त्यानं वाढत नाही. नेलात तर त्रास नाही, पण त्यावर विसंबून वर चढू नका. आणि फोन: महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. निदान दोघांकडे पोस्टपेड असू द्या.

वेळेबद्दल थोडं. मुलीची शाळा जूनच्या मध्यावर उघडत असेल तर जूनचा पहिला आठवडा मला सोयीचा वाटतो. मेच्या सुरुवातीला खिंडीत बर्फ पडून रस्ता बंद व्हायची भीती जास्त असते. दिवाळीच्या सुटीत तिथली थंडी बाबांना सोसणार नाही.

पैसे भरण्याआधी डॉक्टर. त्यांना "लडाखला जातोय" एवढंच सांगू नका. कुठल्या रात्री किती मीटरवर झोपणार, ते कागदावर लिहून न्या. उंचीवर पहिले काही दिवस रक्तदाब वाढू शकतो, त्यामुळे गोळीबद्दल नीट विचारा. हृदयाची तपासणी लागेल का ते विचारा. विरळ हवेसाठी जी प्रतिबंधक गोळी देतात, ती सगळ्यांना चालत नाही. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर आधी सांगावं लागतं. शेजाऱ्यांनी घेतली म्हणून घेऊ नका. झोपेची गोळी तिथं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि दारू तर नकोच. ही तपासणी फक्त बाबांची नको, तुमचीही करा. तुम्ही ४३ वर्षांचे आहात आणि पत्रात स्वतःच्या तब्येतीबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही.

आता आई. तुम्ही तिच्याबद्दल एकच ओळ लिहिलीत, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्या ओळीची वाटली. "तुम्ही ठरवाल तसं" याचा अर्थ "हो" असा धरून तुम्ही तिचं तिकीट काढायला निघालात. मला त्यात होकार ऐकू येत नाही. कदाचित तिला यायचंय, पण गुडघ्यांमुळे ओझं व्हायची भीती आहे. कदाचित अजिबात यायचं नाही, पण तसं म्हटलं तर बाबांचा विरस होईल. तिला सगळ्यांसमोर विचारू नका. एकटी असताना, भाजी निवडताना वगैरे, असं विचारा: "आई, तू नाही आलीस तर ते आठ दिवस तुला कसे घालवायला आवडतील?" उत्तर लगेच आलं, "ठाण्याला जाईन, नातवंडांबरोबर राहीन" असं काही, तर ती कधीपासून हेच मनात धरून असणार. मग तिला मोकळ्या मनानं राहू द्या. तिच्यासाठी वेगळा बेत करा. भंडारदरा नाशिकहून काही तासांवर आहे. तिथंही डोंगरांच्या कुशीतलं पाणी आहे, समोर कळसूबाईची रांग आहे, आणि पायऱ्या न चढता काठाशी बसता येतं. बहिणीनं तिला तिथं दोन दिवस नेलं तर दोघींनाही बरं वाटेल.

आणि बहीण. ती विरोधात आहे असं तुम्ही लिहिलंत. मला ती घाबरलेली वाटते, आणि तिच्या भीतीत तथ्य आहे. जुना कार्यक्रम बघून मीही तेच म्हटलं असतं. नवा आराखडा तिला पाठवा. डॉक्टरांकडे जाताना तिला फोनवर घ्या. लेहमध्ये असताना रोज संध्याकाळी बाबांनी तिला स्वतः फोन करायचा आणि दोन गोष्टी खऱ्या सांगायच्या, किती झोपले आणि किती जेवले, असं ठरवा. मुलाला जे सांगत नाहीत ते वडील मुलीला सांगतात, असा माझा अनुभव आहे.

डॉक्टर "नको" म्हणाले तर? तर नको. त्यावर दुसरं मत जरूर घ्या, पण हवं ते उत्तर मिळेपर्यंत डॉक्टर बदलत राहू नका. मग नैनीताल-भीमतालचा विचार करता येईल. काठगोदामपर्यंत रेल्वे आहे, नैनीताल दोन हजार मीटरच्या आसपास, भीमताल त्याहून बरंच खाली. तिथं आईलाही जमेल. श्रीनगरचं दल सरोवरही १,६०० मीटरच्या आत आहे. पण हे बाबांसमोर पँगाँगच्या बदल्यात म्हणून ठेवू नका. त्यांच्या मनात नेमकं काय आहे हे आधी समजायला हवं. मला तर अशी शंका आहे की तीस वर्षं घाटात गाडी चालवलेल्या माणसाला त्या निळ्या पाण्याइतकाच तिथवर जाणारा रस्ता बघायचा असेल. मी चुकत असेन. त्यांनाच विचारा.

आज संध्याकाळी ते कपाट उघडून त्या चित्रासमोर त्यांच्याजवळ बसा. लेह, चांग ला, तांगत्से आणि पँगाँग, चारही उंचीचे आकडे एका कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, "बाबा, ही गाडी तुमची. कुठं किती थांबायचं, तुम्ही सांगा." ते काय म्हणाले, ते मला जरूर कळवा. पैसे भरायची मुदत पुढच्या आठवड्यात आहे, तोवर ट्रॅव्हलवाल्याला थांबायला सांगा.